जाहिरातीपुरती शांतता

किस्से साठवावे लागत नाहीत. घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपले आपण साठतात, आणि एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर! आमचा स्टुडिओ बंद होऊन आता वर्ष होत आलं. तरी दर रविवारी सकाळी नागपूरच्या सदर भागातल्या त्याच चहाच्या टपरीवर आम्ही चौघं जमतो आणि तेच ते किस्से सांगतो. म्हणजे सांगतो मी, शकील आणि फ्रान्सिसदादा. मेश्राम सर ऐकतात. आमचं काही चुकलं की टेबलावर बोट आपटतात, मग आम्ही दुरुस्त करून पुढे जातो.

आम्ही काय करायचो ते आधी सांगते. जगात कुठंही खेळ चालू असो, त्याची मराठी कॉमेंट्री नागपुरातून व्हायची. खरंच! चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लांबच्या मोठ्या शहरातल्या एका कंपनीनं प्रक्षेपणाचे हक्क असे काही चढ्या भावानं घेतले होते, की ते वसूल करायला तिला प्रत्येक भाषेतला प्रेक्षक हवा होता. मराठी प्रेक्षक हवा, पण त्याच्यासाठी माणूस मैदानावर पाठवणं परवडत नाही. म्हणून आम्ही. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, समोर एक पडदा, टेबलावर दोन माइक. पडद्यावर मैदानातलं चित्र यायचं आणि ते बघून आम्ही मैदानात असल्यासारखं बोलायचं.

मेश्राम सर मुख्य कॉमेंटेटर. जरीपटक्याकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक, हॉकीचे कोच, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचा पोरगाही झोपेतून उठावा. फ्रान्सिसदादा जुने फुटबॉलवाले, ते 'एक्स्पर्ट'. शकील आवाजाचं मशीन सांभाळायचा. आणि मी, नीलिमा, आकडेवाली. शहराच्या टोकाच्या बेस्यावरून स्कूटीनं यायचे आणि कोणी कधी काय केलं होतं याच्या चिठ्ठ्या लिहून सरांसमोर सरकवायचे. हेडफोनमधून कंपनीचा एक माणूस हुकूम सोडायचा. त्याला आम्ही कधी पाहिलं नाही. त्याचं नाव आम्ही 'वरचे' ठेवलं होतं.

दाराशी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. आत येताना प्रत्येकानं आपला मोबाइल त्यात टाकायचा. कोणी पडद्याचं शूटिंग करून चोरून विकू नये म्हणून! फ्रान्सिसदादांचा मोबाइल बटणांचा होता, त्यात कॅमेराच नव्हता. तोही डब्यात.

*

आमच्याकडे कूलर होता, पण माइक त्याचा आवाज पकडायचा. त्यामुळे मॅच सुरू झाली की कूलर बंद.

मे महिना. बाहेर रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. दाखवायला ताजं काही नव्हतं म्हणून कंपनीनं कुठल्या तरी थंड देशातली, बर्फावरून घसरत जायची जुनी शर्यत काढली. सर बनियनवर, डोक्याला ओला टॉवेल. हेडफोनमध्ये वरचे ओरडले, "सर, थंडी जाणवत नाहीये! प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की तुम्ही तिथं उभे आहात!"

सरांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "प्रेक्षकहो, इथे हाडं गोठवणारी थंडी आहे. अक्षरशः माझे ओठ थरथरतायत."

शकीलनं मला कोपरानं ढोसलं. सरांचे ओठ खरंच थरथरत होते! पुढच्या क्षणी सर खुर्चीवरून कलले. ऊन लागलं होतं त्यांना. आम्ही त्यांना फरशीवर आडवं केलं, मी तळपायाला कांदा चोळायला घेतला, शकील पाणी शिंपडत होता. माइक चालूच!

फ्रान्सिसदादांनी शांतपणे माइक ओढला. "प्रेक्षकहो, मेश्राम साहेब जरा शेकोटीपाशी गेले आहेत."

*

भिंतीवर, पडद्याच्या वरती, सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक नियम लिहून चिकटवला होता : 'आपला, आपली म्हणायचं नाही.' खेळाडू कुठलाही असो, नागपूरचा असो की भारताचा, कॉमेंट्रीत तो फक्त खेळाडू. जो 'आपला' म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. फ्रान्सिसदादांनी इतका चहा पाजला की टपरीवाला त्यांना 'मालक' म्हणायला लागला.

नियम सगळ्यांना होता, पण तो लिहिला होता सरांनी स्वतःसाठी, हे मला उशिरा कळलं. कारण होती प्रज्ञा.

सरांच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलबाईंची ही मुलगी. आईसोबत सकाळी यायची आणि चुलीपाशी बसून असायची. एकदा तिनं चुलीतलं लाकूड घेऊन वाटाणे असे काही टोलवले म्हणे, की सरांनी तिच्या हातात हॉकी स्टिक दिली. त्या शाळेचं मैदान म्हणजे मुरूम. पडलं की गुडघा गेलाच. तिथून ती पोरगी जिल्ह्याला, राज्याला, आणि शेवटी भारताच्या संघात पोचली!

पोचली, पण बेंचवर. दोन वर्षं संघाबरोबर देशोदेशी फिरली आणि राखीव म्हणून बसून राहिली. शिवाय बायकांच्या हॉकीच्या मॅचेस मराठीत दाखवायच्याच नाहीत, असा वरच्यांचा शिरस्ता. जाहिराती येत नाहीत म्हणे. सरांचं एकच मागणं होतं. एकदा तरी प्रज्ञा खेळावी, ती मॅच लागावी, आणि ती आपण सांगावी.

"त्या दिवशी 'आपली' म्हणाल ना सर?" मी एकदा विचारलं.

"काहून म्हणीन? नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. पण बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

*

जाहिरातींचं एक सांगायचं राहिलं. आमच्या पडद्यावर जाहिराती दिसायच्या नाहीत. घरी तुम्हाला साबण, सिमेंट, गुटखा दिसत असायचा, आम्हाला मैदानच दिसत राहायचं. फक्त आम्ही गप्प. वरचे म्हणायचे "तीस सेकंद", आणि आम्ही तीस सेकंद श्वाससुद्धा जपून घ्यायचो, कारण माइक कधी उघडेल सांगता यायचं नाही. सवयच लागली होती. घरी जेवताना जाहिरात लागली की माझा हात तोंडापाशी थांबायचा. नवरा म्हणायचा, "जेव गं बाई, तुझा माइक बंद आहे!"

तर जगानं कधी न पाहिलेल्या गोष्टी आम्ही त्या शांततेत पाहिल्या आहेत. जिंकलेला कप्तान कोपऱ्यात जाऊन ओकताना. हरलेल्याच्या बुटाची नाडी जिंकलेला बांधून देताना.

एकदा बायकांची लांब पल्ल्याची शर्यत होती. पहिली आली, दुसरी आली, तिसरी आली, झालं. जाहिराती. आणि आमच्या पडद्यावर अजून एक बाई धावतच होती. एका गरीब देशाची, बारीक अंगाची. पूर्ण एक फेरी मागे. पंचांनी फीत गुंडाळून टाकली होती. एक जण झेंडे गोळा करत होता. ती एका पायावर लंगडत धावत होती आणि हळूहळू सगळं स्टेडियम उभं राहिलं. आम्ही चौघंही उभे राहिलो. तिनं रेघ ओलांडली, खाली वाकून तिला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

जाहिराती संपल्या. सर माइकवर म्हणाले, "प्रेक्षकहो, आत्ता तुम्ही नव्हता तेव्हा एक मोठी गोष्ट घडली." तेवढ्यात हेडफोनमध्ये वरचे खेकसले, "विजेतीची मुलाखत चालू झालीय, तिकडे या!"

सर तिकडे गेले. त्या बाईचं नाव यादीत होतं, मी चिठ्ठीवर लिहून सरांसमोर सरकवलंही होतं. प्रक्षेपण संपल्यावर सरांनी ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

*

एकदा वरून मेल आला. दोन सरकारांचं काही तरी बिनसलं होतं आणि एका देशाला आपल्या नावानं खेळायला बंदी होती. खेळाडू खेळणार, पण देशाचं नाव नाही, झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही. कॉमेंट्रीत चुकूनही नाव घ्यायचं नाही!

"मग म्हणायचं काय त्यांना?" फ्रान्सिसदादांनी विचारलं.

"तो संघ म्हणा," वरचे म्हणाले.

मॅच सुरू झाली. "तो संघ" म्हणताना फ्रान्सिसदादांची जीभ अडखळायला लागली, म्हणून त्यांनी "पांढऱ्या शर्टवाले" सुरू केलं. पाऊस आला, मैदानाचा चिखल झाला, आणि अर्ध्या तासात दोन्ही संघ एकाच रंगाचे! फ्रान्सिसदादा माइक झाकून म्हणाले, "अबे शकील, आता कोण कोणाचा हाय, तूच सांग!"

आम्ही हसत होतो. तेवढ्यात कॅमेरा त्या संघाच्या एका पोराजवळ गेला. विशीतला असेल. त्याच्या शर्टावर छातीशी जिथं झेंडा असतो तिथं कोणी तरी चिकटपट्टी लावून टाकली होती. गोल झाल्यावर त्यानं ती पट्टी बोटांनी चाचपली, शर्ट वर ओढून ती ओठांना लावली.

सरांचा आवाज एकदम खाली आला. "प्रेक्षकहो, या मुलाच्या छातीवर एक चिकटपट्टी आहे. तिच्याखाली काय आहे, ते तुम्हाला सांगायची मला परवानगी नाही."

सरांना पंधरा दिवस घरी बसवलं.

*

आणखी एक स्पर्धा. ज्या देशानं ती भरवायला घेतली होती तिथं तो खेळ कोणी बघतच नव्हतं. पैसा होता, स्टेडियम कोरं करकरीत होतं, माणसं नव्हती. हिरव्या खुर्च्यांच्या नुसत्या रांगा. मग कंपनीनं आम्हाला बटणांची एक पेटी पाठवली. एक बटण दाबलं की गर्दीची कुजबुज, दुसरं दाबलं की जल्लोष. शकीलनं मॅच बघत बटणं दाबायची. पहिल्या दिवशी पोरगा भारी खूष. "ताई, चाळीस हजार लोक माझ्या बोटावर नाचून राहिले!"

दुसऱ्या दिवशी दोन खेळाडू गोलपाशी आदळले. चेंडू जाळीत गेला असं शकीलला वाटलं आणि त्यानं जल्लोषाचं बटण दाबलं. चेंडू बाहेर गेला होता. गोलकीपर खाली पडला होता आणि त्याचा पाय गुडघ्यापासून भलत्याच दिशेला वळला होता. रिकाम्या मैदानात तो पोरगा तोंड उघडून ओरडत होता, आणि आमच्याकडून घराघरात चाळीस हजार लोक टाळ्या वाजवत होते.

शकीलनं बोट उचललं, पण ती टेप संपेपर्यंत थांबत नसे. मॅचनंतर तो जिन्यात बसून रडला. "त्याच्या मायनं ऐकलं असंल तर?" मी म्हटलं, त्याची आई मराठी प्रक्षेपण कशाला बघेल? त्याला पटलं नाही.

त्यानंतर त्यानं ते दुसरं बटण दाबलंच नाही. गोल झाला तरी कुजबुज. वरचे भडकले, "गोल झालाय! लोक ओरडत का नाहीत?"

शकील म्हणाला, "लोक दुःखी आहेत साहेब."

*

प्रज्ञाची गोष्ट पुढे सांगते.

मराठीत नसली तरी बायकांच्या हॉकीची मॅच कधीमधी आमच्या मशीनवर यायची, नुसतं चित्र. सर शकीलला ती लावायला सांगायचे आणि पडद्याला नाक लावून बसायचे. मॅच बघत नव्हते ते. बेंच शोधत असायचे. पण परदेशातला डायरेक्टर बेंच दाखवतो कशाला? चेंडू कडेला गेला की क्षणभर पडद्याच्या कोपऱ्यात चार-पाच गुडघे दिसायचे. त्यातला प्रज्ञाचा कुठला, हे सर ओळखायचे. डाव्या गुडघ्यावर मुरमाचा जुना वण होता.

मग बाहेर येऊन डब्यातून मोबाइल काढायचे आणि कमलबाईंना फोन. एकदा मी शेजारीच होते.

"कमलबाई, आज प्रज्ञाचा हात दिसला."

"बरी हाय ना सर?" पलीकडून आवाज आला.

"हात तरी बरा दिसून राहिला होता. दुसऱ्या पोरीले पाण्याची बाटली देत होती."

"थे देतेच. घरीही सगळ्याइले आधी पाणी देते," कमलबाई म्हणाल्या.

सरांना एकाच गोष्टीचा राग यायचा. पूर्वी हॉकीचे पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन भाग होते. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार. "मधल्या सुट्ट्यांत जाहिराती बसाव्या म्हणून खेळ कापला. कापा! कापून तरी पोरींना दाखवा!" असं ते भिंतीवरच्या गाद्यांना सांगायचे. गाद्या सगळं पिऊन टाकायच्या.

*

मागच्या हिवाळ्यात सरांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी असेल. मग तपासण्या झाल्या. घशात गाठ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करू, स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे त्यानंतर आवाज नाही. तोवरही बोलणं बंद, ताण पडला तर आहे तोही कधीही जाईल.

आणि त्याच आठवड्यात वरून वेळापत्रक आलं. त्यात बायकांची हॉकी मॅच! मराठीत! सकाळी अकराला! संघातल्या दोघी जखमी होत्या, त्यामुळे प्रज्ञा खेळणार हेही जवळजवळ ठरलेलं.

सर डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी सोबत होते. बोलायचं नव्हतं म्हणून माझ्याच चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात होता. पहिली चिठ्ठी सरकवली : 'ऑपरेशन दोन आठवडे पुढे घ्या.'

डॉक्टर चिडले. "हे दोन आठवड्यांचं दुखणं नाहीये हो! कशासाठी?"

दुसरी चिठ्ठी : 'मॅच आहे.'

"मग दवाखान्यात टीव्ही आहे ना! तिथं बघा!"

सरांनी तिसरी चिठ्ठी लिहिली, पेन टेकवून नीट पूर्णविराम दिला आणि सरकवली.

'बघायची नाही. सांगायची आहे.'

त्यानंतर सर अकरा दिवस एक शब्द बोलले नाहीत. ऑटोवाल्याला चिठ्ठी, भाजीवालीला चिठ्ठी. नातवानं विचारलं, "आजोबा रागावलेत का?" तर त्यालाही चिठ्ठी, 'नाही. साठवून राहिलो.'

*

आणि आता तो दिवस.

कमलबाईंकडे ते चॅनल नव्हतं, म्हणून सरांनी त्यांना स्टुडिओतच बोलावलं. जरीपटक्यावरून दोन ऑटो बदलून त्या आल्या. नवी साडी, हातात डबा. "सगळ्याइसाठी खिचडी आणली," म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी पोरीचा एकही खेळ पाहिला नव्हता, खेळाच्या वेळी त्या चुलीपाशी असायच्या. शकीलनं त्यांच्यासाठी गादी लावलेल्या भिंतीपाशी खुर्ची ठेवली. त्यांनी विचारलं, "बोललं तर चालते का मधात?" शकील म्हणाला, "हळू बोला काकू. आणि सर एकदम चूप झाले तर घाबरू नका. जाहिरात असते. तीस सेकंद. मग पुन्हा सुरू."

अकराला पाच मिनिटं होती. सरांनी कोमट पाणी घेतलं, हेडफोन लावले. पडद्यावर दोन्ही संघ रांगेत उभे. सतरा नंबरची प्रज्ञा, पण बेंचवर. पहिल्या अकरात नव्हती.

तेवढ्यात वरच्यांचा आवाज आला. आम्हा सगळ्यांच्या कानात.

"मॅच होल्ड. पुरुषांच्या लीगचा लिलाव लांबलाय. अजून मोठे खेळाडू विकले जायचे आहेत. मराठीवर लिलावच चालू राहील."

"मग मॅच कधी?" मी विचारलं.

"आता नाहीच. संध्याकाळी स्कोअर सांगू."

"निदान रेकॉर्ड तरी करू का?"

"अजिबात नाही. नंतर दाखवायचे हक्क आपल्याकडे नाहीत, ते दुसऱ्यांचे आहेत. मशीनला हात लावू नका!" आणि लाइन कट.

मोबाइलवर टिपावं तर सगळे मोबाइल दाराशी डब्यात. शकीलनं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, चित्र येऊन राहिलं हाय, पण आपला आवाज बाहेर जाऊन नाही राहिला. काहीच नाही. तुम्ही आवाज वाचवा. उठा सर."

कमलबाईंना यातलं काही कळलं नव्हतं. त्या पडद्याकडे बघत होत्या. "सर, सगळ्या पोरी सारख्याच दिसून राहिल्या वो. माही कोणती?"

सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग माइक पुढे ओढला. तो बंद होता हे त्यांना माहीत होतं. शकीलनं मात्र सवयीनं बोट वर केलं, चालू म्हणून.

"नमस्कार प्रेक्षकहो!"

अकरा दिवसांनी तो आवाज ऐकला. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. फ्रान्सिसदादांनी तोंड फिरवलं.

सरांनी पूर्ण मॅच सांगितली. डावी बाजू कोणती, गोल कुठला, पंचानं हात का वर केला, सगळं. मी आकड्यांच्या चिठ्ठ्या सरकवत होते, फ्रान्सिसदादा मध्ये मध्ये 'एक्स्पर्ट' मत देत होते. पहिला भाग संपला तसं सर म्हणाले, "एका छोट्या विश्रांतीनंतर पुन्हा भेटू," आणि गप्प झाले. शकीलनं घड्याळ लावलं. आम्ही तीस सेकंद श्वास जपून बसलो. कोणती जाहिरात आणि कोणासाठी! पण हललं कोणी नाही. पडद्यावर पोरी पाणी पीत होत्या आणि कमलबाई कुजबुजल्या, "पहा, बाटल्या वाटून राहिली."

तिसऱ्या भागात सरांचा आवाज फाटायला लागला. मी चिठ्ठी सरकवली : 'पुरे.' त्यांनी ती उलटी करून ठेवली.

शेवटच्या भागाची सहा मिनिटं उरली असताना एक पोरगी लंगडत बाहेर आली आणि सतरा नंबर आत धावली.

"मैदानात येत आहे जर्सी क्रमांक सतरा," सर म्हणाले. एकसारख्या आवाजात. नियम म्हणजे नियम. "डावा गुडघा पाहा, प्रेक्षकहो. त्यावर एक वण आहे. त्यावरून तुम्हाला ती ओळखता येईल."

कमलबाई खुर्चीतून उठल्या. "हो हो, दिसली! दिसली सर!"

पहिला चेंडू तिच्याकडून सुटला. सरांनी तेही सांगितलं, सुटला म्हणून. दुसरा तिनं बरोबर पुढे दिला. मग अर्ध्या मैदानावर कोणाची तरी स्टिक चुकली, चेंडू मोकळा झाला आणि प्रज्ञाच्या स्टिकला आला. समोर एकच पोरगी. प्रज्ञा धावायला लागली. सर उभे राहिले. दोन्ही हात टेबलावर, मानेच्या शिरा फुगलेल्या.

"चेंडू सतरा नंबरकडे... एकीला चकवलं... आत शिरली... आपली..."

फ्रान्सिसदादांनी चमकून भिंतीकडे पाहिलं.

"आपली प्रज्ञा..."

आणि पुढे काही नाही. सरांचे ओठ हलत होते. जोरजोरात हलत होते. खोलीत आवाज नव्हता.

कमलबाईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "शकीलभाऊ, जाहिरात लागली का?"

शकीलनं सरांकडे पाहिलं. मग हात लांब करून घड्याळ लावलं.

"हो काकू. तीस सेकंद."

आम्ही सगळे गप्प बसलो. पडद्यावर प्रज्ञा धावत होती.